ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्यादेपलीकडची रॅम: गेमिंगसाठी घरच्या संगणकाची मेमरी वाढवताना

संगणकात ८ जीबी रॅम बसवावी, तो सुरू करावा आणि सिस्टिमच्या माहितीत ‘८ जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.२५ जीबी’ एवढीच नोंद दिसावी, हा अनुभव जुन्या संगणकावर नवे गेम खेळू पाहणाऱ्या अनेकांच्या वाट्याला येतो. रॅमच सदोष असावी असे पहिल्यांदा वाटते. पण बहुतेक वेळा रॅम निर्दोष असते आणि तिच्यापर्यंत पोहोचू न शकणारी असते ती ऑपरेटिंग सिस्टिम. ही अडचण दूर करता येते. मात्र ती नेमकी कुठे आहे हे न पाहता केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी असते, कारण रॅमवरची मर्यादा एक नसून चार ठिकाणी असते: प्रोसेसर आणि मदरबोर्ड किती रॅम सांभाळू शकतात, बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम) तिची मांडणी कशी करतो, ऑपरेटिंग सिस्टिम त्यातली किती वापरू देते, आणि खुद्द गेम किती मागू शकतो. या चारांपैकी जी मर्यादा सर्वांत कमी असेल तीच शेवटी लागू होते. म्हणून या लेखात रॅम बसवण्याच्या कृतीपेक्षा ती बसवण्याआधीच्या तपासणीला जास्त जागा दिली आहे.

रॅम खरोखर कमी पडते आहे का?

गेम अडखळत चालतो याचा अर्थ रॅम कमी आहे असा आपोआप होत नाही. गेम सुरू असताना टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’ या भागात जावे आणि मेमरी, डिस्क व ग्राफिक्स कार्ड या तिन्हींचे आलेख पाहावेत. मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली असेल, त्याच वेळी डिस्क सतत कामात असेल आणि नवा प्रदेश किंवा नवे दृश्य येताच गेम क्षणभर थिजत असेल, तर रॅम कमी पडते आहे असे मानायला चांगला आधार आहे. रॅम संपली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवते, आणि डिस्क रॅमच्या तुलनेत फारच मंद असल्याने तो परत आणताना गेम थांबतो. याउलट मेमरी निम्मी रिकामी असून ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर कितीही रॅम वाढवली तरी चित्र अधिक सुरळीत होणार नाही. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी ही वेगळी गोष्ट आहे. ती कमी पडत असेल तर गेममधल्या टेक्स्चरची (पृष्ठभागांवरच्या चित्रांची) पातळी उतरवणे हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय आहे.

४ जीबीची भिंत कुठून आली

३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेमरीतल्या प्रत्येक बाइटला ३२ द्विमान अंकांचा, म्हणजे ३२ बिटांचा, पत्ता असतो. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ होते, म्हणजेच ४ जीबी. पण हे सगळे पत्ते रॅमच्या वाट्याला येत नाहीत. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा काही भाग, नेटवर्क कार्ड, बायोसची चिप आणि इतर उपकरणे यांनाही पत्ते लागतात, आणि ते ४ जीबीच्या सीमेच्या लगेच खाली राखून ठेवलेले असतात. त्या पत्त्यांखाली येणारी रॅम झाकली जाते. म्हणूनच ४ जीबी रॅम असलेल्या ३२-बिट विंडोजमध्ये साधारण ३ ते ३.५ जीबीच दिसते आणि नेमका आकडा संगणकागणिक बदलतो.

ही भिंत प्रोसेसरने घातलेली नाही, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. इंटेलने १९९५ साली आणलेल्या पेंटियम प्रो या प्रोसेसरमध्येच पीएई नावाची सोय होती. तिच्यामुळे भौतिक पत्ता ३६ बिटांचा होऊन ६४ जीबीपर्यंत रॅम हाताळता येत असे. सर्व्हरसाठीच्या काही ३२-बिट विंडोज आवृत्त्यांनी या सोयीचा पुरेपूर उपयोग केला. घरगुती आवृत्त्यांमध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, पीएई चालू असूनही मायक्रोसॉफ्टने ४ जीबीवरचे पत्ते जाणूनबुजून वगळले. कारण व्यावहारिक होते: घरगुती उपकरणांचे कित्येक ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम, पत्ता ३२ बिटांचाच असणार असे धरून लिहिलेले होते, आणि त्यापलीकडचा पत्ता समोर येताच ते संगणक बंद पाडत किंवा भलत्याच ठिकाणी माहिती लिहीत.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, ३२-बिट विंडोजच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बदल करून ही अट काढून टाकणारी छोटी साधने इंटरनेटवर फिरत असतात आणि ‘सगळी रॅम मोकळी करा’ असे आश्वासन देतात. ती वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या ड्रायव्हरांमुळे अट घातली गेली तेच ड्रायव्हर अजूनही त्या संगणकात असतात. विंडोजचे पुढचे अपडेट तो बदल पुसून टाकू शकते. आणि सही नसलेला गाभा चालवण्यासाठी विंडोजला चाचणी-अवस्थेत ठेवावे लागल्यास ऑनलाइन गेममधल्या फसवणूकविरोधी यंत्रणा गेम सुरू होऊ देत नाहीत. हे सारे धोके पत्करले तरी गेमच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. ३२-बिट विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला मिळणारे आभासी पत्ते (ज्यांची सांगड विंडोज खऱ्या रॅमशी घालते) ४ जीबीचेच असतात आणि त्यांतले २ जीबी विंडोजने स्वतःकडे ठेवलेले असतात. म्हणजे संगणकात ६४ जीबी रॅम असली आणि ती सगळी विंडोजला दिसू लागली, तरी एकट्या गेमला एरवीसारखे २ जीबीच मिळतात. भिंत ओलांडण्याचा खरा मार्ग म्हणजे ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम.

आवृत्तीची मर्यादा

६४-बिट विंडोज असतानाही रॅम कमी दिसण्याचे एक कारण आवृत्तीचा परवाना हे असते. विंडोज ७ ची होम बेसिक आवृत्ती ८ जीबीवर थांबते, होम प्रीमियम १६ जीबीवर, तर प्रोफेशनल व अल्टिमेट १९२ जीबीपर्यंत जातात. होम प्रीमियमच्या संगणकात ३२ जीबी रॅम बसवली तर अर्धी रॅम कायमची निरुपयोगी राहते, आणि बायोसमध्ये काहीही बदलले तरी त्यात फरक पडत नाही. विंडोज १० आणि ११ यांच्या ६४-बिट होम आवृत्तीची सीमा १२८ जीबी आहे आणि प्रोची २ टीबी. खेळासाठी १२८ जीबीची गरज पडत नाही. त्यामुळे केवळ रॅमसाठी होमवरून प्रोवर जाण्याचा खर्च खेळाडूने करू नये.

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबली, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपातच मिळते. गेम विकणाऱ्या स्टीम या सेवेनेही विंडोज ७ आणि ८ चा आधार १ जानेवारी २०२४ पासून बंद केला आहे. तेव्हा विंडोज ७ ची वरची आवृत्ती शोधत बसण्यापेक्षा नव्या ६४-बिट प्रणालीकडे जाणे शहाणपणाचे आहे. ज्या संगणकाला विंडोज ११ च्या टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि ठरावीक प्रोसेसरच्या अटी पूर्ण करता येत नाहीत, त्याच्यासाठी ६४-बिट लिनक्स हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉन या साधनामुळे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात. फसवणूकविरोधी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेम मात्र तिथे चालत नाहीत, म्हणून आपल्या आवडीच्या गेमची चौकशी आधी करून घ्यावी.

गेम स्वतः किती मागू शकतो

हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. ६४-बिट विंडोज आणि ३२ जीबी रॅम असूनही एखादा जुना गेम, विशेषतः त्याला मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) जोडल्यावर, अचानक बंद पडतो. टास्क मॅनेजरमध्ये तर निम्म्याहून अधिक मेमरी रिकामी दिसत असते. असा गेम ३२-बिट असतो. ३२-बिट प्रोग्रॅमला ६४-बिट विंडोजवरही एरवी २ जीबीचेच पत्ते मिळतात. त्याच्या मुख्य फाइलमध्ये ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ ही खूण असेल तर ६४-बिट विंडोज त्याला पूर्ण ४ जीबी देते. त्याच्या पुढे काहीही नाही.

स्कायरिमचे उदाहरण घेता येईल. २०११ साली आलेला हा गेम ३२-बिट होता आणि सुरुवातीला त्याच्यात ही खूण नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या अपडेटने ती घातली आणि जड मॉड वापरणाऱ्यांचा त्रास पुष्कळ कमी झाला. २०१६ ची स्पेशल एडिशन ६४-बिट निघाली आणि तिथे ४ जीबीची अडचण उरलीच नाही. आपला गेम कोणत्या प्रकारचा आहे हे पाहण्यासाठी तो सुरू असताना टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’ या भागात जावे, रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘प्लॅटफॉर्म’ हा रकाना जोडावा. तिथे ३२-बिट की ६४-बिट हे स्पष्ट लिहिलेले असते.

एकट्याने खेळायच्या जुन्या गेममध्ये ही खूण नसेल तर ती बाहेरून घालता येते. त्यासाठी साधने उपलब्ध आहेत आणि मायक्रोसॉफ्टच्या विकसकांसाठीच्या साधनसंचातही तशी सोय आहे. मूळ फाइलची प्रत आधी वेगळ्या ठिकाणी ठेवावी, मगच बदल करावा. बदलानंतर फाइलवरची डिजिटल सही अवैध होते, म्हणून ऑनलाइन गेमच्या बाबतीत हा प्रयोग अजिबात करू नये. फसवणूकविरोधी यंत्रणेला बदललेली फाइल आणि फसवणूक यांत फरक करता येत नाही आणि खाते बंद होण्याचा धोका असतो. स्टीममधून गेमच्या फाइलींची पडताळणी केली तर मूळ फाइल परत येते आणि बदल पुन्हा करावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. काही जुन्या गेमचा कोड २ जीबीवरचे पत्ते नीट हाताळत नाही. खूण घातल्यावर असा गेम आधीपेक्षा जास्त वेळा बंद पडू लागला तर मूळ फाइल परत ठेवावी.

ज्यांना काही कारणाने ३२-बिट विंडोजवरच राहावे लागते, त्यांच्यासाठी एक अधिकृत पण मर्यादित सोय आहे. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या ३२-बिट आवृत्त्यांत ‘बीसीडीएडिट’ या आज्ञेने ‘इन्क्रीज यूझर व्हीए’ हे मूल्य ३०७२ पर्यंत वाढवले, तर वरची खूण असलेल्या प्रोग्रॅमना २ ऐवजी ३ जीबीपर्यंत पत्ते मिळतात. विंडोज एक्सपीमध्ये हेच काम बूट फाइलमधल्या ‘३ जीबी’ या पर्यायाने होत असे. मात्र प्रोग्रॅमला दिलेला प्रत्येक पत्ता विंडोजच्या गाभ्याकडून काढून घेतलेला असतो, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर गाभ्याच्या त्याच जागेत काम करतो. पूर्ण ३०७२ दिल्यास मोठ्या मेमरीचे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक अस्थिर होण्याची शक्यता असते. म्हणून २५६० पासून सुरुवात करावी आणि अडचण आल्यास ते मूल्य काढून टाकावे.

विंडोज ९८ वर जुने गेम खेळण्यासाठी संगणक जपून ठेवणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी असते, तीही इथे सांगून टाकतो. ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम असली की विंडोज ९८ चा फाइल-कॅश (डिस्कवरच्या फाइलींसाठी रॅममध्ये राखलेली जागा) इतके पत्ते स्वतःकडे घेतो की इतर कामांना ते उरत नाहीत, आणि मेमरी भरपूर असतानाच ‘मेमरी अपुरी आहे’ असा संदेश येतो. सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलच्या ‘व्हीकॅश’ भागात ‘मॅक्स फाइल कॅश’ची किंमत ५२४२८८ किंवा त्याहून कमी लिहिल्यास हा त्रास थांबतो. १ जीबीच्या पुढे मात्र एवढ्याने भागेल असे धरून चालू नये. अशा संगणकात ५१२ एमबीच ठेवणे उत्तम.

मदरबोर्ड आणि बायोस

आता रॅम विकत घेण्याआधीची शेवटची तपासणी. मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेत तीन गोष्टी पाहाव्यात: रॅमची पिढी, एकूण कमाल क्षमता आणि प्रत्येक स्लॉटची कमाल क्षमता. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांच्या पट्ट्यांवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, विद्युतदाबही अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट असा वेगळा असतो. एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही आणि ती जोर लावून बसवण्याचा प्रयत्न केल्यास स्लॉट तुटतो. लॅपटॉपला आखूड पट्टी लागते, आणि अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डावरच झाळलेली असल्याने ती वाढवताच येत नाही.

जुन्या चिपसेटची (प्रोसेसरला रॅम व उपकरणांशी जोडणाऱ्या, मदरबोर्डावरच्या चिपांची) स्वतःची मर्यादा ही कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमने न सुटणारी गोष्ट आहे. इंटेलच्या ९४५ मालिकेतले चिपसेट एकूण ४ जीबीचेच पत्ते हाताळतात. त्या मदरबोर्डावर ६४-बिट प्रोसेसर आणि ६४-बिट विंडोज असली तरी ३ जीबीच्या थोडी वरच गाडी थांबते. अशा संगणकावर रॅमसाठी पैसे घालू नयेत. त्यानंतरच्या अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ या नावाचा पर्याय असतो. उपकरणांच्या पत्त्यांखाली झाकली गेलेली रॅम तो ४ जीबीच्या वर नेऊन मांडतो. ६४-बिट प्रणालीसाठी हा पर्याय चालू असणे आवश्यक आहे. नव्या बोर्डांवर तो बहुधा आपोआप चालू असतो.

किती रॅम घ्यावी? आजच्या बहुतेक गेमसाठी १६ जीबी पुरेशी आहे. गेमबरोबर ब्राउझर आणि चित्रीकरणाचा प्रोग्रॅमही चालू ठेवणाऱ्यांनी, तसेच जड मॉड वापरणाऱ्यांनी ३२ जीबीचा विचार करावा. त्यापुढची रॅम केवळ खेळासाठी घेण्याचे कारण मला दिसत नाही. क्षमतेइतकेच महत्त्व जोडीला आहे: १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या एकाच पाकिटातल्या घ्याव्यात, म्हणजे मेमरीच्या दोन्ही वाहिन्या एकाच वेळी वापरल्या जातात. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसून प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरले जाते, तिथे या जोडीमुळे गेमच्या गतीत सहज जाणवणारा फरक पडतो, कारण अशा ग्राफिक्सला मुख्य रॅमच वापरावी लागते. जुन्या पट्टीसोबत वेगळ्या गतीची नवी पट्टी लावल्यास दोन्ही हळू पट्टीच्या गतीने चालतात.

६४-बिट विंडोजकडे जाताना

सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ आणि ‘अबाउट’ या पानावर ‘सिस्टिम टाइप’ ही ओळ असते. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम ३२-बिट आणि प्रोसेसर मात्र एक्स६४ असे लिहिलेले असेल, तर प्रोसेसर ६४-बिट प्रणाली चालवू शकतो आणि फक्त विंडोज बदलायची आहे. ६४-बिट एक्स८६ प्रोसेसर २००३ पासून, एएमडीच्या ऑप्टेरॉन आणि ॲथलॉन ६४ पासून, बाजारात आहेत. पण त्यातल्या अगदी सुरुवातीच्या काहींमध्ये विंडोज ८.१ आणि पुढच्या ६४-बिट आवृत्त्यांना लागणाऱ्या काही सूचना नसतात.

३२-बिट विंडोजचे जागच्या जागी ६४-बिटमध्ये रूपांतर होत नाही. नव्याने स्थापना करावीच लागते, आणि तिच्यात सी ड्राइव्हवरचे प्रोग्रॅम जातात. म्हणून पहिले काम बॅकअपचे. छायाचित्रे व कागदपत्रे सर्वांच्या लक्षात राहतात. गेमच्या सेव्ह फाइली मात्र विसरल्या जातात, कारण त्या अनेकदा गेमच्या फोल्डरमध्ये नसून ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये किंवा लपवलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असतात. गेमने क्लाउडवर प्रत ठेवली असेलच असे गृहीत धरू नये. प्रत्येक महत्त्वाच्या गेमची सेव्ह फाइल शोधून तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती तिथून उघडते का हेही पाहावे.

दुसरे काम ड्रायव्हरचे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत. ग्राफिक्स, नेटवर्क आणि ध्वनी यांचे ६४-बिट ड्रायव्हर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर नव्या विंडोजमधून इंटरनेटवर जाऊन बाकीचे शोधताच येत नाहीत. जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा गेमपॅड यांचा ६४-बिट ड्रायव्हर निघालाच नसण्याची शक्यता असते. तसेच १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर मुळीच चालत नाहीत. काही जुन्या गेमचा गाभा ३२-बिट असूनही त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असतो आणि गेम तिथेच अडतो.

ही तयारी झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन साधनाने किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ६४-बिट स्थापना-प्रत तयार करावी. ६४-बिट स्थापना ३२-बिट विंडोजच्या आतून सुरू होत नाही, म्हणून संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच बूट करावा. विंडोज १० चा डिजिटल परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो आणि ३२-बिट व ६४-बिट यांत भेद करत नाही. तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम, बसवल्यास ‘माझ्याकडे उत्पादन-की नाही’ हा पर्याय निवडून पुढे जाता येते आणि इंटरनेट मिळताच विंडोज सक्रिय होते.

पट्ट्या बसवणे

प्रत्यक्ष बसवण्याचे काम थोडक्यात होते. संगणक पूर्ण बंद करावा, विजेची वायर काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. हाताला स्थितिक वीज असू शकते, म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करून मगच पट्टी कडेने धरावी. सोनेरी टोकांना बोट लावू नये. खाच जुळवावी आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन कडीचा आवाज येईपर्यंत पट्टी खाली बसवावी. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. तरीही पुस्तिकेतला तक्ता पाहावाच. डीडीआर५ असलेला संगणक पहिल्यांदा सुरू होताना नव्या रॅमशी जुळवून घेण्यासाठी काही मिनिटे काळा पडदाच दाखवतो. त्या वेळात घाबरून तो बंद करू नये.

नंतर बायोसमध्ये जाऊन एकूण रॅम पूर्ण दिसते का ते पाहावे आणि पाकिटावर लिहिलेली गती हवी असल्यास एक्सएमपी किंवा एक्सपो ही सेटिंग चालू करावी. ती बंद असताना रॅम मूलभूत, कमी गतीने चालते.

बसवल्यानंतरची खातरजमा

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ ही नोंद असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात हा आकडा सहसा लहान असतो; प्रोसेसरमधले ग्राफिक्स असल्यास त्याला दिलेली मेमरी इथे मोजली जाते आणि आकडा मोठा दिसणे स्वाभाविक असते. तसे कारण नसताना काही जीबी राखीव दिसत असतील तर क्रमाने तपासावे. बायोसमध्येच रॅम कमी दिसत असेल तर दोष पट्टीचा, स्लॉटचा किंवा नीट न बसण्याचा आहे. पट्ट्या काढून पुन्हा बसवाव्यात आणि एकेक पट्टी वेगळी लावून पाहावी. बायोसमध्ये पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी असेल तर आवृत्तीची मर्यादा, ‘मेमरी रिमॅप’ आणि शेवटी ‘एमएसकॉन्फिग’मधले बूटचे प्रगत पर्याय पाहावेत. तिथे ‘मॅक्झिमम मेमरी’ या चौकटीत खूण असेल तर ती काढून टाकावी. ‘ही खूण केल्याने सगळी रॅम मिळते’ असा सल्ला वर्षानुवर्षे पसरत आला आहे, प्रत्यक्षात मात्र त्या चौकटीने रॅमवर वरची मर्यादा घातली जाते आणि तिच्यामुळे रॅम वाढल्याचे एकही उदाहरण असू शकत नाही.

पेज फाइल बंद करू नये. रॅम भरपूर झाली की ती नकोच, असा समज खेळाडूंमध्ये आढळतो. पण गेम जितकी मेमरी राखून ठेवायला सांगतात तितकी सगळी प्रत्यक्ष वापरत नाहीत, आणि त्या राखीव मागणीची हमी विंडोज रॅम अधिक पेज फाइल एवढ्या बेरजेतून देते. पेज फाइल काढली तर रॅम रिकामी दिसत असतानाही गेम ‘मेमरी संपली’ म्हणून बंद पडू शकतो. तिचा आकार ठरवणे विंडोजवरच सोडावे आणि शक्य असल्यास ती एसएसडीवर असू द्यावी.

शेवटी रॅमची चाचणी. विंडोजमधले मेमरी डायग्नोस्टिक प्राथमिक तपासणीला चालते, परंतु मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालू ठेवणे अधिक भरवशाचे. त्यात एकही चूक आली तर ती चालवून घेऊ नये, कारण मेमरीतला एक चुकीचा बिट गेम बंद पाडण्यावर न थांबता सेव्ह फाइल आणि डिस्कवरची इतर माहितीही बिघडवू शकतो. चूक आढळल्यास आधी एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. चुका थांबल्या तर पट्ट्यांना त्या मदरबोर्डावर तेवढी गती झेपत नाही असे समजून एक पायरी कमी गती ठेवावी. थांबल्या नाहीत तर पट्ट्या एकेक करून तपासाव्यात, आणि जी सदोष निघेल ती हमीच्या मुदतीत बदलून घ्यावी. दोन पट्ट्यांचा संच असेल तर बदलताना दोन्ही एकत्र पाठवाव्यात.